एकट्याची शिकार

आमच्या धाकट्या बहिणीचा नातू अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात राहतो. गेल्या गणेशचतुर्थीच्या सुमारास त्याचा आम्हांस दूरध्वनी आला. कुशलप्रश्न झाल्यावर तो जरा अडखळत म्हणाला, "आजोबा, तुम्ही लहानपणी शिकार करीत होता असे घरात बोलतात. मी यंदा शिकारीचा परवाना काढला आहे. इकडचे जाणते लोक म्हणतात, नवशिक्याने एकदम हरणामागे लागू नये. आरंभ खारीपासून करावा. मला सोबती कोणी नाही, एकट्यानेच जायचे आहे. काही सांगाल का?"

आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. कारण त्याच्या आईचा, म्हणजे आमच्या भाचीचा, दूरध्वनी आदल्याच दिवशी येऊन गेला होता. "मामा, तुम्हीच त्याला चार शब्द सांगा. देव्हाऱ्यात शांतादुर्गेपुढे दिवा लावायचा आणि रानात जाऊन रामाच्या खारीवर बंदूक धरायची, हे कसे काय?" असे म्हणताना तिचा गळा दाटून आला होता. आई आणि मुलगा या दोघांनीही आम्हांस पंच नेमले होते, आणि दोघांनाही आमची पात्रता ठाऊक नव्हती. "विचार करून पत्र लिहितो," असे सांगून आम्ही वेळ मारून नेली.

पत्र लिहावयास बसलो तेव्हा ध्यानी आले की, आधी एक जुना हिशेब चुकता केल्यावाचून हे पत्र लिहिता येणार नाही. घरात आमच्या ज्या शिकारीची आख्यायिका झाली आहे, ती शिकार म्हणजे एक खार. सन १९६१, महिना चैत्र, गाव बडोदे, ठिकाण मांडवी. या गोष्टीचा पूर्वार्ध आम्ही हसत हसत पुष्कळांना सांगितला आहे. उत्तरार्ध आजवर कोणासही सांगितला नाही.

ज्यांनी बडोदे पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मांडवी ही जुन्या शहराची नाभी. पूर्वेस पाणीगेट, पश्चिमेस लहरीपुरा, उत्तरेस चांपानेर आणि दक्षिणेस गेंडीगेट अशा चार दरवाजांतून निघालेले रस्ते जेथे एकमेकांस मिळतात, तेथे ही चौकोनी, कमानींची इमारत उभी आहे. तिच्या माथ्यावर घड्याळ, कमानींत पारवे आणि भोवती पोळी व वाडे यांची दाटी. सयाजीराव महाराजांच्या काळात नोकरीच्या निमित्ताने जी अनेक कुटुंबे दक्षिणेकडून बडोद्यास आली, त्यांत गोव्याकडून आलेले आमचे पणजोबा होते. त्यांनी मांडवीजवळ बिऱ्हाड केले ते कायमचेच. घरात आम्ही मराठी बोलत असू, पोळीतील सवंगड्यांशी गुजराती, आणि फोंड्याकडची आमची आजी रागावली किंवा तिला माया दाटून आली, की कोकणी बोले. त्यामुळे एकाच प्राण्याची तीन नावे आमच्या कानी पडत. शाळेच्या पुस्तकात ती खार, गल्लीत खिसकोली आणि आजीच्या तोंडी चानी.

आणखी एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. आमचे घर मत्स्याहारी. शेजार वैष्णवांचा आणि जैनांचा. मुंबईहून कोणी नातेवाईक सुके बांगडे घेऊन आला, की आजी खिडक्या लावून घेई, धुपाटण्यात ऊद टाकी आणि मगच चूल पेटवी. तेव्हा जीवहत्येवर प्रवचन करण्याचा अधिकार आमच्या घराला तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. भाचीच्या घरी पाहुणा आला म्हणजे माशाची कढी होतेच. म्हणून नातवास "जीव मारू नये" एवढेच लिहून मोकळे होणे आम्हांस शक्य नव्हते. तो आम्हांस एका वाक्यात गप्प करू शकला असता.

आमची गलोल, गुजरातीत गिलोल, ही पेरूच्या दुबेळक्याची होती. सायकलच्या फाटक्या ट्यूबचे दोन पट्टे, मध्ये चांभाराकडून मागून आणलेला चामड्याचा तुकडा आणि खिशात चिकणमातीच्या, उन्हात वाळवलेल्या गोळ्या. वाड्यामागे एका पडक्या घराचे आवार होते. त्यात एक जुना वड आणि दोन कडुनिंब. बडोद्याचे प्राचीन नाव वटपद्रक. वडांच्या त्या गावात खारींना काय तोटा! वडाची फळे त्यांना प्रिय, आणि ज्या वडाखाली बसावे त्याच्या फांद्यांवर दोन-चार खारी हमखास.

मोठी मुले टोळी करून पारव्यांवर नेम धरीत. आम्ही अकरा वर्षांचे, अंगाने किरकोळ. टोळीत आम्हांस कोणी घेत नसे. म्हणून एकट्याने खारीच्या मागे लागलो. पहिले पंधरा दिवस एकही गोळी खारीच्या आसपास गेली नाही. आवारात शिरताच वरून "चिक् चिक् चिक्" असा गजर सुरू होई. प्रत्येक चीत्कारासरशी शेपटीला झटका बसे, आणि ती इशारत ऐकून सारे झाड रिकामे होई. हळूहळू उमगले की, आपण आलो म्हणजे आवार गप्प होते आणि आपण घटकाभर हललो नाही म्हणजे ते आपल्याला विसरते. मग आम्ही पहाटे, उजाडण्यापूर्वीच, वडाच्या बुंध्याला पाठ टेकून बसू लागलो. आधी बुलबुल बोलत, मग साळुंक्या, आणि उन्हाची पहिली तिरीप फांदीवर पडली की खारी खाली उतरत.

त्यांची एक युक्ती मात्र आम्हांस फार दिवस चकवीत राहिली. आपण बुंध्याच्या अलीकडे असलो की खार पलीकडे. आपण वळसा घालावा तर तीही वळसा घालते. बुंधा नेहमी तिच्या आणि आपल्या मध्ये. दोघे असले तर एकाने इकडे उभे राहावे, दुसऱ्याने तिकडे. एकट्याने काय करावे? एके दिवशी वैतागून आम्ही हातातला खडा बुंध्याच्या पलीकडच्या पाचोळ्यात फेकला. सळसळ झाली, आणि खार त्या आवाजाला बिचकून सरळ आमच्या बाजूस आली! ही विद्या आम्हांस कोणी शिकविली नव्हती. त्या दिवशीचा आनंद आजही आठवतो.

बसून बसून पाहण्याचा छंद लागला. पाहता पाहता मोजण्याचा लागला. आजीने सांगितलेली गोष्ट अशी की, सेतुबंधाच्या वेळी चानीने वाळूत लोळून अंगाला लागलेले कण समुद्रात झाडले. रामाने तिला उचलून तिच्या पाठीवरून तीन बोटे फिरविली, तेच तिचे पट्टे. आम्ही मोजले तर पट्टे पाच! मोठ्या विजयाने आम्ही ही बातमी आजीस दिली. ती वाती वळीत होती. मान वर न करता म्हणाली, "आमच्या गोव्यातल्या चानीला तीनच. तुझ्या बडोद्यात रामाने सगळा पंजा फिरविला असेल." पुढे कळले की आम्ही दोघेही खरे होतो. उत्तरेकडची आणि गुजरातची खार पाच पट्ट्यांची, तर सह्याद्रीच्या अंगाची तीन पट्ट्यांची. शास्त्रात त्या वेगळ्या जाती आहेत. ही रामाची कथा वाल्मीकींच्या रामायणात आढळत नाही. ती लोकांनी जपलेली आहे. पण आजीचा तिच्यावरचा विश्वास ग्रंथावरच्या विश्वासाहून तिळभरही उणा नव्हता.

इथवरचा भाग आम्ही नेहमी सांगतो. यापुढचा राहून गेला आहे.

चैत्र शुद्ध सप्तमीची पहाट. विठ्ठलमंदिरात रामनवमीचा उत्सव चालू होता. आम्ही वडाखाली बसलो होतो. एक खार तोंडात पांढरे काहीतरी धरून बुंध्यावर आली आणि क्षणभर थांबली. ते अंतर दहा पावलांचेही नसेल. गोळी सुटली आणि लागली. खार खाली पडली. आमच्या छातीत आनंदाची लाट उठली ती एक निमिष टिकली. कारण खार मेली नव्हती. तिचा मागचा भाग निकामी झाला होता. पुढच्या दोन पायांनी स्वतःला ओढीत ती पडक्या भिंतीजवळच्या लाकडांच्या ढिगात शिरली. आतून तिचा आवाज येऊ लागला. तो गजर नव्हता, बारीक आणि थांबून थांबून येणारा सूर होता.

आम्ही ढिगापाशी गेलो. एक लाकूड उचललेही. तेवढ्यात शेजारच्या माडीची खिडकी उघडल्याचा आवाज झाला. आम्ही लाकूड टाकले आणि पळालो. शाळेची वेळ झाली आहे, अशी मनाची समजूत घातली. खिडकी कोणी उघडली, आम्हांस कोणी पाहिले की नाही, हे आजतागायत माहीत नाही. कोणी काही बोलले नाही.

त्या रात्री कीर्तनकारबुवांनी नेमके सेतुबंधनाचे आख्यान लावले. खारीच्या प्रसंगाशी आजीने पदर डोळ्यांस लावला. आम्ही तिच्या शेजारी मांडी घालून बसलो होतो, आणि "ती आता बरी होऊन झाडावर गेली असेल" हे वाक्य मनात पुनःपुन्हा म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी आम्ही आवाराकडे फिरकलो नाही.

नवमीस दुपारी रामजन्म झाला. सुंठवडा वाटला गेला. घरी आल्यावर आजी तांब्याचे मोठे भांडे काढण्यासाठी माळ्यावर गेली, ती लवकर खाली येईना. तिने हाक मारली म्हणून आम्ही शिडी चढलो. एका जुन्या टोपलीत घरटे होते. काथ्या, चिंध्या आणि मऊ कापूस. गेले कित्येक दिवस वातींचा कापूस कमी होतो म्हणून आजी कुरकुरत होती. तो सारा कापूस तेथे होता. त्यात तीन पिले. डोळे न उघडलेली, अंगावर केस न आलेली. दोन गार पडली होती. तिसऱ्याचे पोट अजून हलत होते.

"पळय रे पुता, कितलीं ल्हान तीं," आजी म्हणाली. एवढेच.

तिने वात दुधात भिजवून त्याच्या तोंडाशी धरली. दिवेलागणीपर्यंत ती तशीच बसून होती. मग तिने तिन्ही पिले परसात पुरली, हात धुतले आणि उरलेला कापूस आमच्यापुढे ठेवून वाती वळावयास सांगितले. तिने काहीही विचारले नाही. आमच्या सदऱ्याच्या खिशातून गलोलीचे टोक वर आलेले तिने पाहिले असेल काय, हा प्रश्न आम्ही स्वतःस आयुष्यभर विचारीत आलो. ती गेली त्यालाही आता पन्नास वर्षे होत आली.

आमच्या बाजूने वकिली करावयाची तर मुद्दे आहेत. बडोद्यात खारी काय थोड्या होत्या? पडलेली खार हीच त्या पिलांची आई होती याला पुरावा काय? तिच्या तोंडातले ते पांढरे काय होते हे आम्ही नीट पाहिले कोठे? ही वकिली आम्ही वर्षानुवर्षे केली. पण कोर्टही आमचेच आणि साक्षीदारही आम्हीच, तेव्हा निकाल कधी आमच्या बाजूने लागला नाही.

पुढे महाविद्यालयात असताना मध्यवर्ती ग्रंथालयाचा नाद लागला. सयाजीराव महाराजांनी बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून १९१० च्या सुमारास राज्यातील ग्रंथालयांची घडी बसविली. त्या व्यवस्थेचे हे केंद्र मांडवीच्याच परिसरात आहे. तेथील लोखंडी मांडण्या आणि मजल्यांच्या काचेच्या लाद्या पाहून परगावचे पाहुणे थक्क होतात. त्या मांडण्यांतून एके दिवशी अमेरिकेतील शिकारीवरचे एक पुस्तक हाती आले. त्यात खारीच्या शिकारीस स्वतंत्र प्रकरण होते. तिकडची खार आपल्या खारीच्या चार-पाच पट वजनाची, आणि तिचे मांस खातात. नवशिक्याने पहाटेच रानात जावे, फळे पडलेल्या झाडाखाली बुंध्याला टेकून बसावे, रान आपल्याला विसरेपर्यंत हलू नये, एकटे असल्यास पलीकडे खडा टाकून खारीला अलीकडे आणावे, असे सारे तेथे लिहिले होते. आमची वडाखालची विद्या साता समुद्रांपलीकडे छापलेली पाहून ऊर भरून आला. आणि मग पुढचे कलम आले. गोळी लागल्यावर जनावर कोठे पडले ती खूण मनात पक्की करावी. जखमी जनावर सोडून जाऊ नये. शोधावे, सापडेपर्यंत शोधावे, आणि त्याची वेदना तत्काळ संपवावी. पुस्तक मिटून आम्ही कितीतरी वेळ तसेच बसून राहिलो.

सलीम अली यांच्या बालपणीची गोष्ट पुष्कळांस ठाऊक असेल. मुंबईच्या या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ती कोणती, या कुतूहलाने तो मेलेला पक्षी घेऊन १९०८ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्डसाहेबांकडे गेला, आणि त्यातून पुढचा थोर पक्षितज्ज्ञ घडला. ही गोष्ट वाचताना आमच्या मनात नेहमी एकच येते. त्यानेही मारले आणि आम्हीही मारले. पण तो आपल्या हातून पडलेल्या जिवाजवळ गेला आणि त्याने त्याला उचलले. आम्ही लाकूड टाकून पळालो.

म्हणून नातवास लिहिलेल्या पत्रात आम्ही त्याला शिकार कर असेही सांगितले नाही आणि करू नको असेही सांगितले नाही. इकडच्या रीतीने तिकडे चालता येत नाही. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पाच पट्ट्यांची खारही त्याच्या अनुसूचीत नोंदली गेली. आज मांडवीत कोणी पोर गलोल घेऊन निघाले तर ती पोरखेळाची गोष्ट राहिलेली नाही. त्याच्या देशात परवाना आहे, हंगाम आहे, दिवसाची मर्यादा आहे. इंग्लंडात तर अमेरिकेची हीच करडी खार १८७६ पासून नेऊन सोडली गेली आणि तिच्यामुळे तेथली मूळची तांबडी खार हटत गेली, म्हणून तिकडे करड्या खारीला मारणे हे रानाच्या रक्षणाचे काम मानतात. फार काय, आपली ही पाच पट्ट्यांची रामाची खार १८९८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयात गेली, तेथून निसटली आणि तेथे उपरी ठरली. धर्म देशकालाप्रमाणे पाहावा असे आपले शास्त्रकार सांगतात ते उगीच नव्हे.

पत्रात आम्ही त्याला पाच गोष्टी लिहिल्या. पहिली, कोठे जाणार आणि केव्हा परतणार हे घरी सांगून जा. आई बोलत नसली तरी तिलाच सांग. दुसरी, घटकाभर निश्चल बसता येईपर्यंत बंदूक नेऊ नकोस. तिसरी, आकाशाकडे रोखून झाडू नकोस. तुझ्या त्या लहान बंदुकीची गोळीही मैलापलीकडे जाते. मागे जाड बुंधा असेल तरच चाप ओढ. चौथी, जे खाणार नाहीस ते मारू नकोस. आजी बांगडा तळून खात असे आणि खारीसाठी रडत असे, यात आम्हांस पूर्वी विसंगती वाटे. आता वाटत नाही. तिच्या घरात काहीही फेकण्यासाठी मरत नसे.

पाचवी गोष्ट लिहिताना या लेखात सांगितलेली सारी हकीकत आम्ही त्याला लिहिली, आणि शेवटी एवढेच म्हटले: दोघे शिकारीस गेले तर एक दुसऱ्याला लाजेल. एकट्याला लाजण्यासाठी कोणी नसते. नेम सर्वांनाच साधतो, आज ना उद्या. नेम लागल्यानंतर तू ढिगाकडे जातोस की घराकडे, एवढ्यावरच तुझी परीक्षा. ती देण्याची तयारी नसेल तर परवाना फाडून टाक.

दिवाळीच्या आधी त्याचा दूरध्वनी आला. तीन पहाटी तो नुसताच बसून परतला होता. चौथ्या दिवशी नेम लागला. खार पडली आणि पाचोळ्यात नाहीशी झाली. "पाऊण तास शोधत होतो, आजोबा. गुडघ्यांवर बसून एकेक पान उलटले. शेवटी एका पडलेल्या खोडाखाली सापडली. मेली होती." त्याने ती स्वच्छ केली, शिजविली आणि खाल्ली. आईने त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकले नाही. मात्र रात्री तिने विचारले, सापडली का म्हणून.

त्याचे बोलणे ऐकताना आम्हांस काय वाटले हे नीट सांगता येत नाही. एक जीव गेला होता, आणि तरी आमच्या छातीवरचा एक दगड किंचित हलल्यासारखा झाला होता. काहीतरी बोलावे म्हणून आम्ही विचारले, "पाठीवर पट्टे किती होते?"

"एकही नाही, आजोबा. साफ करडी पाठ."

दूरध्वनी जवळच असावा. पलीकडून भाचीचा आवाज आला, "म्हणजे तिथवर रामाचा हात पोहोचलाच नाही तर!" ती हसली की रडली हे आम्हांस कळले नाही. आमच्याकडे तेव्हा पहाट होत होती. देव्हाऱ्यात दिवा लावावयाचा होता आणि डब्यात वात एकही उरली नव्हती. आम्ही कापूस घेऊन बसलो.